शनिवारी टाइम ट्रायल, रविवारी घाट: हौशी सायकल शर्यतींचे दोन दिवस कसे पार पाडावेत

शनिवारी सकाळी सपाट रस्त्यावर १५ ते २० किमीची वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे टीटी. रविवारी सकाळी ६० ते ९० किमीची सामूहिक रोड रेस, बहुतेक वेळा घाटासह. मुंबई-ठाणे-नवी मुंबईतले हौशी सायकलपटू अशा जोडशर्यतीसाठी महिनोन्‌महिने नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर आणि ठाण्याच्या येऊरच्या चढावर घाम गाळतात आणि रविवारी घाटाच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मागे पडतात. पाय कमी पडले असे त्यांना वाटते. बहुतेकदा पाय ठीक असतात, कामांचा क्रम चुकलेला असतो. शुक्रवारी रात्री कॅसेट (मागच्या चाकावरची गिअरची दातेरी चक्रे) बदललेली असते, शनिवारी टीटीनंतर ओल्या कपड्यांत दोन तास गप्पांत गेलेले असतात आणि रविवारी पहिला घास पोटात जातो तो तासाभराने.

शनिवार आणि रविवार या दोन वेगळ्या शर्यती समजू नका. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत हे एकच काम आहे आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग सायकलवर बसलेले नसताना घडतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

## १. गुरुवारपर्यंत सायकल तयार. त्यानंतर बदल नाही

सायकलची सर्व कामे गुरुवारी रात्री संपली पाहिजेत; शनिवारी दुपारी फक्त टीटीची जोडणी काढायची. शुक्रवारी सकाळी २० ते ३० मिनिटांची हलकी फेरी मारून केलेले काम टिकते आहे ना, एवढेच पाहायचे.

चेन आणि कॅसेट. चेन गेजने मोजा. ११ किंवा १२ स्पीडच्या चेनची झीज ०.५ टक्क्यांवर गेली असेल तर बदला, पण शर्यतीच्या आठवड्यात नाही, त्याच्या दोन आठवडे आधी. जुन्या कॅसेटवर नवी चेन बसवली तर जास्त वापरलेल्या दातांवर ती जोर लावताच घसरते. हे घरात स्टँडवर पेडल फिरवून कळत नाही, चढावर उभे राहिल्यावर कळते.

दोन्ही दिवसांसाठी एकच कॅसेट ठेवा. पुढच्या चक्रांवर ५०-३४ दात आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ असतील तर घाटही निघतो आणि सपाटही. टीटीसाठी ११-२८ आणि घाटासाठी ११-३४ अशी अदलाबदल केली की चेनची लांबी आणि डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) बी-स्क्रू, म्हणजे त्याचे कॅसेटपासूनचे अंतर ठरवणारा स्क्रू, पुन्हा जुळवावा लागतो. शनिवारी दुपारी, थकलेल्या डोक्याने करायचे हे काम नव्हे.

टायर. पूर्ण टायर हाताने फिरवत बोटांनी तपासा. काचेचा बारीक तुकडा रबरात रुतलेला असतो आणि दहा-बारा किलोमीटरनंतर आत जातो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. टायर ट्यूबलेस, म्हणजे बिनट्यूबचा, असेल तर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) दोन-तीन महिन्यांनी सुकतो, मुंबईच्या उन्हात त्याआधीही. २८ मिमीच्या टायरमध्ये ३० ते ४० मिली भरा आणि त्यानंतर एकदा तरी सायकल चालवा, म्हणजे तो आत सगळीकडे पसरतो.

टायरमधल्या हवेच्या दाबासाठी ६५ ते ७० किलो वजनाच्या सायकलपटूने इथून सुरुवात करावी:

- २५ मिमी, ट्यूब असलेला: पुढे ८०, मागे ८५ पीएसआय
- २८ मिमी, ट्यूबलेस: पुढे ६२, मागे ६६ पीएसआय
- रस्ता ओला असेल तर दोन्हीकडे ५ ने कमी

१०० ते ११० पीएसआय भरणारे अजूनही बरेच भेटतात. टणक टायर वेगवान वाटतो, पण आपल्या रस्त्यांच्या खडबडीवर तो उसळतो आणि पकड सोडतो.

> सावधान: रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड नसलेली, असेल तर ७२.५ पीएसआयच्या वर कधीही जाऊ नका, आणि रिमवर त्याहून कमी मर्यादा छापली असेल तर तीच पाळा. त्यापलीकडे टायर रिमवरून निसटू शकतो. तो उतारावर निसटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

ब्रेक. डिस्क पॅडचे घर्षणद्रव्य १ मिमीच्या आसपास आले असेल तर नवे पॅड बसवा आणि ते रुळवा: मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किमी वेगावरून हळूहळू जवळजवळ थांबेपर्यंत, १५ ते २० वेळा. न रुळवलेले पॅड घाटात किंचाळतात आणि धरत नाहीत. रिम ब्रेक असतील तर रबरात रुतलेले वाळूचे, ॲल्युमिनियमचे कण टोकदार पिनेने काढा.

स्क्रू. हँडलबार, स्टेम आणि सीटपोस्ट टॉर्क रेंचने घट्ट करा. बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटर लागतात, पण त्या भागावर छापलेला आकडा अंतिम. शूजच्या क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या तळपट्टीचे) स्क्रूही यातच आले. मुंबईच्या दमट हवेत आणि घामाच्या मिठात ते गंजतात, आणि गंजलेला स्क्रू घट्ट असल्याचा भास होतो. काढा, पुसा, ग्रीस लावा, पुन्हा बसवा.

> तपासा: हँडलबारच्या दोन्ही टोकांना प्लग आहेत का? उघडा बार पडल्यावर मांडीत किंवा पोटात घुसतो. पंच प्लगशिवाय सुरुवातीला उभे राहू देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

## २. कागद, गट आणि नियम

नोंदणी करताना गट नीट निवडा. आपल्याकडे वयोगटाबरोबर सायकलच्या प्रकारावरूनही गट पडतात, म्हणजे रोड वेगळे, हायब्रिड आणि एमटीबी (माउंटन बाइक) वेगळे. चुकीच्या गटात पहिले आलात तरी निकालातून नाव जाते. सरकारी ओळखपत्राची मूळ प्रत, आयोजकांनी मागितले असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. चिठ्ठीवर रक्तगट आणि औषधांची ॲलर्जीही लिहा आणि ती जर्सीच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. फोन लॉक असतो, चिठ्ठी नसते.

नियमपत्रिका वाचताना चार उत्तरे शोधा. रस्ता पूर्ण बंद आहे की एकच बाजू? मधली रेषा ओलांडली तर काय? बाहेरून बाटली किंवा चाक घेता येते का, आणि कुठे? वेळेची मर्यादा किती? हौशी शर्यतीत रस्ता क्वचितच पूर्ण बंद असतो. मार्शल उभे असले तरी समोरून दूधवाल्याचा टेम्पो येऊ शकतो हे गृहीत धरूनच सायकल चालवा.

मार्ग गाडीने किंवा सरावात एकदा तरी पाहून घ्या. यू-टर्न कुठे, रंबलर कुठे, कोणत्या पुलाचे सांधे रुंद आहेत, पेव्हर ब्लॉकचा पट्टा कुठे लागतो हे लिहून काढा. पुलाच्या सांध्यात बारीक टायर अडकतो, म्हणून सांधा नेहमी काटकोनात ओलांडायचा.

## ३. शुक्रवार: पिशवी, जेवण, झोप

सकाळची हलकी फेरी झाली की सायकलला हात लावू नका. फेरीत एक-एक मिनिटाचे तीन जोरदार तुकडे घ्या, मध्ये तीन मिनिटे आराम. पाय जागे राहायला एवढे पुरे.

पिशवी संध्याकाळी ६ च्या आत भरा:

- बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्ट्या आणि बुडाखाली पॅड असलेल्या) दोन. शनिवारी धुतलेली जोडी मुंबईच्या हवेत रात्रभरात वाळेलच असे नाही, आणि ओलसर पॅडवर तीन तास म्हणजे जखम ठरलेली
- हेल्मेट, शूज, चष्मा, हातमोजे
- सेफ्टी पिना ८ ते १२, काळी इलेक्ट्रिकल टेप, केबल टाय
- दोन ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप, १६ ग्रॅमची दोन सीओटू कार्ट्रिज (टायर झटपट भरायची गॅसची नळकांडी), ॲलन की संच, चेनची क्विक लिंक
- फ्लोअर पंप, कापड, चेनचे तेल
- पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सुरुवातीच्या जागेपर्यंतचा प्रवास अंधारातच होतो
- इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग असेल तर चार्ज केलेली बॅटरी

सायकल गाडीत आडवी ठेवताना डिरेलरची बाजू वर. डिस्क ब्रेकची चाके काढली तर पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा, तो नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी घाला. चाक नसताना ब्रेकचा लिव्हर कुणी दाबला तर पॅड जवळ येऊन चिकटतात आणि पहाटे पार्किंगमध्ये रोटर आत जात नाही. लहान मुलांना हे लिव्हर फार आवडतात.

रात्रीचे जेवण ७:३० पर्यंत: भात, वरण, बटाट्याची कोरडी भाजी, दोन पोळ्या. कडधान्यांच्या उसळी, मिसळ, कोशिंबीर, तळलेले काही नको. आहार वाईट म्हणून नव्हे, पहाटे पोट रिकामे होण्याच्या वेळापत्रकासाठी. ९:३० ला आडवे व्हा. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप कमी लागली तर फार बिघडत नाही, पण इथे दोन रात्री आहेत आणि दोन्ही बिघडल्या तर रविवारी चढावर त्याची किंमत मोजावी लागते.

## ४. शनिवार सकाळ: टीटी

तुमची सुरुवात ७:१० ला असेल तर खाणे ४:३० ला. ६५ किलोच्या माणसाला यावेळी १०० ते १३० ग्रॅम कर्बोदके हवीत. १०० ग्रॅम कोरडे पोहे, कमी तेलात, शेंगदाणे न घालता, आणि दोन केळी एवढ्यात ते काम होते. साबुदाण्याची खिचडी नको, तिच्यातले शेंगदाणे आणि तूप तीन तासांनीही पोटात असतात.

क्रम असा: जर्सीवर लावायचा बिब नंबर घ्या, टायमिंग चिप जिथे सांगितली तिथे बांधा, अधिकृत घड्याळाशी आपले घड्याळ जुळवा, मग वॉर्म-अप. नंबर चारही कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर पिनांनी ताणून लावा. फडफडणारा नंबर वारा खातो. तो डाव्या बाजूला हवा की उजव्या, हे विचारा. पंच ज्या बाजूला बसतात त्या बाजूला तो दिसायला हवा.

वॉर्म-अप २० ते २५ मिनिटांचा. १० मिनिटे सहज, ५ मिनिटे हळूहळू वाढवत शर्यतीच्या जोरापर्यंत, मग ३० सेकंदांचे तीन जोरदार तुकडे मध्ये एकेक मिनिट सोडून, आणि उरलेला वेळ सैल पाय. सुरुवातीच्या १० मिनिटे आधी थांबा. हवा दमट असेल तर हाच क्रम पाच मिनिटांनी कमी करा आणि मानेवर ओला रुमाल ठेवा. वॉर्म-अपमध्ये अंग तापून गेले तर शर्यतीत ते थंड करायला जागा उरत नाही.

> सावधान: आपली वेळ चुकली तरी घड्याळ आपल्या ठरलेल्या वेळेलाच सुरू होते. सुरुवातीच्या रेषेजवळ १० मिनिटे आधी हजर राहा, गिअर मधल्या दातावर ठेवून. सर्वांत जड गिअरवर उभे राहून सुटणारे पहिल्या १०० मीटरमध्ये डळमळतात.

पहिली तीन मिनिटे सोपी वाटली पाहिजेत. टीटी इथेच बिघडते. ताजे पाय, मागे काउंटडाउन, कडेला ओळखीचे लोक, आणि सायकलपटू आपल्या मर्यादेच्या पलीकडे सुटतो. हृदयाचे ठोके दोन-तीन मिनिटे मागे चालतात, त्यामुळे घड्याळावरचा आकडा तेव्हा खोटा धीर देतो. श्वासावर लक्ष ठेवा: पहिल्या पाच मिनिटांत तोंडातून एक छोटे वाक्य निघाले पाहिजे, शेवटच्या पाच मिनिटांत एक शब्दही नाही. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारे उपकरण) असेल तर पहिला चौथा हिस्सा ठरवलेल्या सरासरीच्या ९५ टक्क्यांवर ठेवा, आणि सुरुवातीआधी मीटर शून्य करायला विसरू नका.

जाऊन-येऊन असलेल्या मार्गावर वारा समोरून असताना थोडा जास्त जोर लावा आणि पाठीमागून असताना थोडा कमी. समोरच्या वाऱ्यात वेग कमी, म्हणून त्या बाजूला वेळ जास्त जातो आणि जादा जोराचा मोबदलाही तिथेच मिळतो. मुंबईत हिवाळ्यात पहाटेचा वारा जमिनीकडून हलका येतो, समुद्राकडचा वारा दुपारकडे जोर धरतो. उशिराची सुरुवात मिळाली असेल तर दिशा बदलू शकते, म्हणून रेषेवर येताना झेंड्यांकडे पाहा.

यू-टर्नला एरोबारवरून (पुढे झुकून हात टेकवायच्या दांड्यांवरून) हात आधी काढा, आधी गिअर हलका करा, आधी ब्रेक लावा, मग वळा. वळताना ब्रेक नको. वळल्यावर उभे राहून दहा-बारा पेडल आणि पुन्हा खाली.

पुढचा सायकलपटू गाठलात तर त्याच्या मागे दडू नका. आंतरराष्ट्रीय नियमात मागे २५ मीटर आणि बाजूने २ मीटर अंतर लागते. हौशी शर्यतीत आकडा वेगळा असू शकतो, ड्राफ्टिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवण्याला, दंड मात्र सगळीकडे आहे.

## ५. शनिवार, रेषा ओलांडल्यापासून झोपेपर्यंत

रविवार इथे ठरतो. वेळेनुसार करा.

पहिली १५ मिनिटे. थांबू नका. हलक्या गिअरवर १० ते १५ मिनिटे पाय फिरवा. लगेच खाली बसणाऱ्याचे पाय दुपारपर्यंत लाकडासारखे होतात.

३० मिनिटांच्या आत. ओले बिब काढा, अंग पुसा, कोरडे कपडे घाला. जांघेतल्या जखमा शर्यतीनंतर ओल्या पॅडवर बसून राहिल्यानेही होतात.

तासाभरात. वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम कर्बोदके आणि एकूण २० ते २५ ग्रॅम प्रथिने. ६५ किलोला: मोठी वाटीभर गोड दही-भात, एक केळे आणि तीन उकडलेली अंडी, अंडी नको असतील तर १०० ते १२५ ग्रॅम पनीर. टीटी संपल्यावर समोर वडापावची गाडी असते आणि भूकही असते. वडापाव खाऊ नका असे म्हणण्यात अर्थ नाही, पण आधी हे खा. तळलेले आधी गेले की पोट भरते आणि स्नायूंना हवे ते तासभर मागे राहते.

पाणी. वॉर्म-अपच्या आधी आणि शर्यतीनंतर वजन करा, कोरड्या अंगाने. जितके किलो कमी झाले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या चार तासांत प्यायचे, एकदम नाही. त्यातला काही भाग ओआरएस असू द्या. ओआरएसचे १ लिटरचे पाकीट १ लिटर पाण्यातच विरघळवा. ७५० मिलीच्या बाटलीत अख्खे पाकीट ओतले की मिश्रण दाट होते आणि पोट ढवळते. आणखी एक गैरसमज: ओआरएस हे इंधन नाही. त्याच्या लिटरभरात जेमतेम १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून मीठ मिळते, शर्यतीची ताकद नाही.

दुपारी १२ च्या आत सायकल. झोपण्याआधी सायकल, हा क्रम बदलू नका. दुपारच्या झोपेतून उठून कुणालाही हे काम करावेसे वाटत नाही.

1. क्लिप-ऑन एरोबार काढा. सामूहिक शर्यतीत ते चालत नाहीत आणि घोळक्यात धोकादायक असतात.
2. टीटीसाठी सीट पुढे किंवा वर केली असेल तर परत आणा. बदल करण्याआधी सीटपोस्टवर आणि रेल्सवर इलेक्ट्रिकल टेपने खूण केलेली असावी, म्हणजे आठवणीवर विसंबावे लागत नाही.
3. एरोबार काढल्यावर हँडलबार फिरला आहे का पाहा आणि स्टेम पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.
4. चेन पुसा, एक-एक थेंब तेल, पाच मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या.
5. टायर पुन्हा बोटांनी तपासा.
6. दुसऱ्या दिवसाचा नंबर वेगळा असेल तर आताच नव्या जर्सीवर लावून ठेवा.

> तपासा: हे सहाही झाल्यावर ५०० मीटर चालवून या. ब्रेक, सगळे गिअर, सीटची उंची. काही खटकले तर दुकाने अजून उघडी आहेत.

मुक्काम. रविवारची सुरुवात खोपोली, कर्जत किंवा कसाऱ्याच्या बाजूला असेल तर शनिवारी दुपारीच तिकडे जा. नवी मुंबईतून बोरिवलीला परत येणे आणि पहाटे अडीचला पुन्हा निघणे म्हणजे तीन तासांची झोप. घरून सायकल चालवत जाण्याचा बेत असेल तर तो सोडा. अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे आणि एक्स्प्रेसवेवर सायकलला प्रवेश नाही आणि उरलेला रस्ता पहाटे जड वाहनांचा असतो. घरचे लोकलने येणार असतील तर रविवारचा मेगाब्लॉक आधी पाहून ठेवा, दुपारी परत निघताना गाडी नसते.

दिवसभरात ६५ किलोच्या माणसाने ४५० ते ५०० ग्रॅम कर्बोदके खायची आहेत. आकडा मोठा वाटतो, पण १५० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम आणि एका पोळीत १५ ते १८ ग्रॅम असतात. दोन जेवणे, दोन खाणी आणि सरबत धरले की जमते. एकाच जेवणात कोंबून मात्र जमत नाही. दुपारी २० ते ३० मिनिटांची झोप, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी ५ नंतर चहा-कॉफी बंद. पाय भिंतीला टेकवून पडून राहा, बाजारात फिरू नका.

## ६. रविवार: सुरुवातीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत

खाणे तीन तास आधी, कालचेच. नवा पदार्थ, नवे जेल, नवे शूज, काहीही नवे नको.

बाटल्या घरीच बनवता येतात. ७५० मिली पाण्यात ४० ग्रॅम साखर वजनकाट्यावर मोजून, पाव छोटा चमचा मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. अशा दोन बाटल्या आणि खिशात दोन जेल किंवा बिया काढलेला खजूर. अडीच तासांच्या शर्यतीत तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे लक्ष्य. पहिला घास २० व्या मिनिटाला, भूक असो वा नसो. शर्यतीत भूक लागली याचा अर्थ अर्ध्या तासापूर्वी खायला हवे होते.

रेषेवर २० मिनिटे आधी उभे राहा, नाहीतर शंभर जणांच्या मागून सुरुवात होते आणि पहिल्या वळणावर पडलेल्यांना ओलांडून जावे लागते. हौशी शर्यतीत पहिल्या काही किलोमीटरमध्ये बरीच पडझड होते, विशेषतः मागच्या भागात. साठ जणांच्या घोळक्यात पहिल्या पंधरा-वीसमध्ये राहा.

घोळक्यातले चार नियम कधीही मोडू नका:

- तुमचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आडवे येऊ देऊ नका. तो बाजूला सरकला तर तो नाही, तुम्ही पडता.
- डोळे पुढच्या चाकावर नाहीत, पुढच्या दोन-तीन खांद्यांवर.
- वेग कमी करायचा तर आधी पेडल थांबवा, अंग किंचित वाऱ्यात उभे करा, ब्रेक शेवटी आणि हलका.
- खड्डा, रंबलर किंवा दुभाजक दिसला की हात आणि आवाज दोन्ही वापरा. मागच्याला फक्त तुमची पाठ दिसते.

पुढे खेचायची पाळी आली की २० ते ३० सेकंद, त्याच वेगाने. पुढे येताच वेग वाढवणे ही हौशींची सर्वांत महाग सवय आहे. मागची साखळी तुटते आणि आपणच एकटे पडतो. बाजूला होताना वारा ज्या बाजूने येतो तिकडे सरका, मग सैल पायाने मागे या आणि शेवटच्याच्या मागे लागण्याआधी दोन पेडल जोरात मारा, नाहीतर फट पडते.

> सावधान: पाऊस पडून गेला असेल तर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि पेव्हर ब्लॉक यांवर वळू नका, ब्रेक लावू नका. सरळ जा. रिम ब्रेकचा पहिला दाब नुसते पाणी पुसण्यात जातो, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलके दाबत राहा.

## ७. घाट आणि उतार

पायथ्याच्या १५ मिनिटे आधी शेवटचे ठोस खाणे उरका. चढावर जेमतेम घोट पाणी जाते. पायथ्याला येताना घोळक्याच्या पुढच्या भागात या, म्हणजे हळूहळू मागे घसरत गेलात तरी माथ्यावर पुढच्या गटाच्या शेपटीला असता. गिअर चढ लागण्याआधी हलका करा. जोर देताना पुढची छोटी चेनरिंग घेतली की चेन पडते.

पहिला किलोमीटर स्वतःच्या गतीने. बोरघाटासारख्या लांब चढावर जे पहिल्या दोन मिनिटांत मर्यादेच्या वर जातात ते मधल्या वळणांवर थांबल्यासारखे दिसतात. टीटीत जो श्वास दहाव्या मिनिटाला होता तोच इथे धरा. कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ७० च्या खाली गेला तर आणखी हलका गिअर घ्या, गिअर राखून ठेवल्याचे बक्षीस नसते.

माथा दिसला की सगळे सैल पडतात. तुम्ही माथा ओलांडून पुढचे २०० मीटर जोर ठेवा. एकदा उतार लागला की पुढच्या गटाला गाठणे जवळजवळ अशक्य होते.

उतारावर ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटाकडे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून उजवे वळण कापण्याचा मोह समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये नेतो. डाव्या वळणात वेग जास्त असेल तर बाहेर फेकले जाऊन तिथेच पोहोचतो. दोन्ही वेळा समोर ट्रक असू शकतो. मधली रेषा ही भिंत समजा. कार्बन रिमवर रिम ब्रेक असतील तर सतत दाबून ठेवू नका, थोडा वेळ घट्ट दाबा आणि पूर्ण सोडा. सततच्या उष्णतेने रिम खराब होते आणि आतली ट्यूबही फुटू शकते. आडव्या दांड्यावर बसून उतरणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंद आहे, आणि आपल्या रस्त्यांवर तर ते करूच नका.

पंक्चर झाले तर हात वर करा, डाव्या कडेला या, घोळका जाऊ द्या, मग उतरा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, काटा तिथेच असेल तर दुसरी ट्यूबही जाते. १६ ग्रॅमचे एक कार्ट्रिज २५-२८ मिमीच्या टायरला पुरते.

## ८. शेवटचे तीन किलोमीटर

बाटलीतले उरलेले पाणी पिऊन घ्या आणि हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलबारच्या खालच्या वाकलेल्या भागावर. पहिल्या दहात राहा, पण पहिल्या जागेवर नाही. गिअर स्प्रिंट सुरू होण्याआधी निवडा. वारा समोरून असेल तर १५० मीटरवर सुटा, पाठीमागून असेल तर २०० ते २५०. डोके वर, ओळ सरळ. पाठीमागे पाहणे, बाजूला झुकणे, कोपर मारणे यांना दंड आहे आणि ते योग्य आहे, मागचे पडतात.

पोडियमची आशा उरली नसेल तर उजवीकडची जागा मोकळी सोडून डाव्या बाजूने शांतपणे या. रेषा ओलांडल्यावर हात सोडू नका, थांबू नका, किमान १०० मीटर सरळ पुढे जा. रेषेवरच ब्रेक दाबणाऱ्यांमुळे शर्यत संपल्यानंतर हाडे मोडतात.

## ९. शर्यतीनंतर

चिप परत करा, हमीची रक्कम घ्या. तात्पुरत्या निकालात नाव, नंबर आणि गट पाहा. हरकत घेण्याची मुदत थोडी असते, घरी जाऊन व्हॉट्सॲपवर हरकत घेता येत नाही.

पडला असाल तर सायकल तपासल्याशिवाय एक मीटरही चालवू नका. फोर्क, हँडलबार आणि फ्रेमवर भेगा शोधा, कार्बनवर नखाने टिचकी मारून बद्द आवाज येतो का ऐका. डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकला असेल तर सर्वांत मोठ्या चक्रावर जाताना डिरेलर स्पोकमध्ये शिरतो आणि चाक फुटते. हलके गिअर वापरू नका, गाडीने परत या. खरचटलेली जखम भरपूर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवा, खडे निघेपर्यंत, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते डॉक्टरांना सांगा. डोके आपटले असेल, उलटी होत असेल, गोंधळल्यासारखे वाटत असेल किंवा मधले काही आठवत नसेल तर १०८ ला फोन करा आणि स्वतः गाडी चालवू नका. आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदला, आतला फोम एकदाच दबतो.

घरी आल्यावर सायकल साध्या पाण्याने धुवा. घामाचे मीठ स्टेमच्या आणि हेडसेटच्या आत सर्वांत लवकर जाते, तिथे कापड फिरवा. सीओटूने भरलेला टायर त्याच दिवशी सोडून पंपाने पुन्हा भरा, कारण हा वायू ट्यूबमधून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. ट्यूबलेस टायरमध्ये सीओटू सोडले असेल तर सीलंट आत गोठला आहे का ते व्हॉल्व्ह काढून पाहा आणि गोठला असेल तर टायर उघडून नवा भरा.